ऐंशी वर्षांचे नट-बोल्ट: एका पाइपर कबच्या प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२४, शनिवार

आज मोजणी. विमानाच्या सांगाड्यावरचं कापड उतरवून झालंय. पंख भिंतीशी लाकडी घोड्यांवर, धड मधोमध. हँगरमध्ये उणे सहा अंश आणि टेबलावर माझ्यापुढे चार अप्पेपात्रं. एक घरचं जुनं बिडाचं, बाकी तीन न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानातून आणलेली. सुटा केलेला प्रत्येक जोड एका खळग्यात: बोल्ट, नट, वॉशर आणि बोल्टाच्या मानेला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. बायकोने फोटो पाहिला आणि एवढंच म्हणाली, "ते पात्र आता घरात आणायचं नाही."

विमान पाइपर जे-३ कब, १९४१ सालचं. पाइपरचा ब्रॅडफर्डचा कारखाना १९३७ मध्ये जळाला, तेव्हा मंडळी पेनसिल्व्हेनियातच लॉक हेवनला एका बंद पडलेल्या रेशीम गिरणीत जाऊन बसली आणि तिथून १९४७ पर्यंत वीस हजारांच्या आसपास कब बाहेर पडले. पोलादी नळ्यांचं धड, पंखांत स्प्रूस लाकडाचे स्पार, म्हणजे मुख्य तुळया, ६५ हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल इंजिन. ज्यांनी आपल्याकडे फ्लाइंग क्लबात एचएएलचं पुष्पक पाहिलंय त्यांना ही जात ओळखीची वाटेल.

मी शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, पण विमानाचा मेकॅनिक नव्हे. इथे अमेरिकेत मालकाला परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली हात काळे करता येतात, सही त्याची. आमचे मेकॅनिक सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. मी त्यांना मनातल्या मनात वस्ताद म्हणतो. कोल्हापुरात वाढल्यावर दुसरा शब्द सुचत नाही.

एक गंमत आज लक्षात आली. विमानाच्या एएन (आर्मी-नेव्ही मानकाच्या) बोल्टांचे नंबर परके वाटतात, पण आतला हिशेब सगळा सुतांचा आहे, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एएन ४ म्हणजे चार-सोळांश इंच, म्हणजे आपला दोन सुती. एएन ५ अडीच सुती, एएन ६ तीन सुती. आणि पुढचा आकडा लांबीचा: १२ म्हणजे बारा नव्हे, एक इंच दोन सूत. आमच्या अण्णांनी शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं याच भाषेत बोल्ट मागवले. त्यांना हा कोड समजावून सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

२० जानेवारी, शनिवार

वस्तादांना तिळगूळ दिला. गोड बोलण्याची अट सांगितली नाही, बरंच झालं, कारण तासाभरात त्यांनी ती मोडली असती.

झालं असं की मी बेंच ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून बोल्ट चकचकीत करत होतो. अकरा बोल्ट झाले. बारावा लावला तेवढ्यात मशीन बंद पडलं. मागे वळून पाहतो तर प्लग वस्तादांच्या हातात.

एएन बोल्टावर कॅडमियमचा मुलामा असतो. लोखंडाच्या आधी तो गंजतो आणि लोखंडाला वाचवतो. म्हणजे मी जो मळकट राखाडी थर घासून "साफ" करत होतो तोच त्या बोल्टाचं चिलखत. शिवाय कॅडमियमची धूळ विषारी, आणि मी साध्या कापडी मास्कमध्ये. अकराही बोल्ट कचऱ्यात गेले. तपासणी न करता. "तू आता त्यांचं वय पुसून टाकलंस, मी काय तपासू?" असं त्यांचं म्हणणं. मला ते पटायला संध्याकाळ झाली.

इथून पुढे: सॉल्व्हंट, मऊ ब्रश, फडकं. राखाडी डाग चालेल, पांढरी पूड दिसली तर लक्ष ठेवायचं, तांबडा गंज दिसला की मुलामा संपला.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज वर्गवारी. मी घरून एक्सेलमध्ये तक्ता करून आणला होता: वय, व्यास, गंज, निकाल. वस्तादांनी तो पाहिला आणि बाजूला ठेवला. त्यांना वय नको होतं. त्यांचा पहिला प्रश्न प्रत्येक खळग्याला एकच: "हा परत दिसणार आहे का?"

म्हणजे असं. इंजिनाचं झाकण उघडलं की दिसणारा बोल्ट दरवर्षीच्या तपासणीत डोळ्यांखालून जातो. पंखाच्या पोटात, कापडाआड गेलेला बोल्ट पुढची वीस-पंचवीस वर्षं कोणी पाहणार नाही. नवा बोल्ट एक-दोन डॉलरचा. तेव्हा कापडाआडचे बोल्ट जवळजवळ सगळे नवे. त्यावर चर्चाच नाही. इंजिन माउंटचे नवे, कारण ते ताणात असतात आणि रात्रंदिवस थरथरतात. कॉटर पिन, म्हणजे नट निसटू नये म्हणून आरपार घालून वाकवायची पिन, तर एकदा वाकवली की तिचा जन्म संपला, तसंच सेफ्टी वायरचं. उरले बाहेर दिसणारे आणि फक्त कातरात, म्हणजे आडवा जोर घेत, काम करणारे. तिथे जुना बोल्ट ठेवायचा विचार होऊ शकतो, तोही परीक्षा पास झाला तर.

परीक्षा साधी आहे. जाड काचेवर बोल्ट लोळवायचा. वाकडा असला तर खालचा उजेड लुकलुकतो. नवा नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत चढला पाहिजे. मायक्रोमीटरने दांडा तीन जागी मोजायचा. दोन सुती एएन बोल्टाचा दांडा २४६ ते २४९ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत बसतो, त्याखाली गेला की बाद. मग दहापट भिंगाखाली डोक्याच्या मुळाशी आणि पहिल्या आट्यापाशी बघायचं, कारण चीर पडायची झाली तर तिथेच पडते.

जेवणाच्या वेळी मी एक आकडेमोड त्यांना दाखवली. दोन सुती एएन बोल्ट एका पातळीत कातरायला ३,६८० पाउंड लागतात. हे अख्खं विमान, दोन माणसं आणि पेट्रोलसकट, १,२२० पाउंड. एकाच बोल्टावर तीन विमानं टांगता येतील. मग एवढी धास्ती कसली? वस्ताद सँडविच चावत म्हणाले की जोरामुळे तुटलेला बोल्ट त्यांनी पन्नास वर्षांत एकदाच पाहिलाय. गंजलेले, झिजलेले, नट गळून पडलेले, आट्यापाशी हळूहळू चिरत गेलेले मात्र बादलीभर.

१० फेब्रुवारी, शनिवार

पुढच्या सीटच्या पट्ट्याच्या फिटिंगमधून आज जो बोल्ट निघाला त्याच्या डोक्यावर तीन रेघा होत्या. एएनच्या पोलादी बोल्टावर फुली किंवा चांदणी असते. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५. मोटारीचा, ट्रॅक्टरचा, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातला.

राग आला, पण नुसता राग काढून नोंद पुरी होत नाही. ताकदीचं बघायला गेलं तर ग्रेड ५ ची ताण सोसायची ताकद १,२०,००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड), एएनची १,२५,०००. फरक नगण्य. ज्याने तो घातला त्याने बहुतेक हेच पाहिलं असणार. खोट दुसरीकडे आहे. दुकानातल्या दोन सुती बोल्टाला सहा सूत आटे असतात, मग एक इंची बोल्टाला सलग दांडा उरतो दोनच सूत. एएनला आटे फक्त नटापुरते, भार घेणारा सगळा भाग गुळगुळीत. आमच्या या पाहुण्याचे आटे थेट पट्टीच्या भोकात बसले होते आणि इतकी वर्षं त्यांनी कानशीसारखं काम केलं होतं. भोकाच्या आतल्या कडेवर एकाखाली एक रेघा, नखाला लागतात इतक्या. बोल्ट फेकला. पट्टीही फेकली.

१८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दादाला व्हिडिओ कॉल. अण्णांचं वर्कशॉप आता तो चालवतो, साखर कारखान्यांचे सुटे भाग. त्याला पात्रांतले बोल्ट एकेक करून दाखवले.

"काय रं, हे सगळं टाकून द्यायलास? ह्यातले निम्मे माझ्या लेथवरच्या बोल्टापेक्षा नवे दिसत्यात की."

मी वस्तादांचा कापडाआडचा नियम सांगितला. त्याला तो पटला, पण त्याने भलतंच विचारलं.

"बोल्ट झिजलाय म्हणतोस. किती?"

"चाकाच्या पायाच्या बिजागरीचा. सात थाऊ. दांड्याला पायरीच पडलीय."

"आणि समोरचं भोक?"

मी गप्प.

"अरे लेका, बोल्ट कडक, कान मऊ. बोल्ट सात थाऊ झिजलाय म्हणजे भोक त्याच्या दुप्पट खाल्लं असणार. तू सहा आठवडं बोल्ट मोजत बसलास. भोकं मोज आधी."

माझ्या एक्सेलमध्ये भोकांचा रकानाच नव्हता. आता आहे. पिन गेजचा, म्हणजे भोकं मोजायच्या नेमक्या मापाच्या सळयांचा, संच मागवला.

२ मार्च, शनिवार

स्पार. ही नोंद लांबणार.

प्रत्येक पंखात दोन स्पार, पुढचा आणि मागचा. स्प्रूसच्या एकसंध फळ्या. त्यावर धडाला जोडणारी पोलादी फिटिंगं आणि खालून येणाऱ्या स्ट्रटची (तिरक्या आधारदांड्यांची) फिटिंगं, आरपार बोल्टांनी आवळलेली. लोखंड आणि लाकूड त्र्याऐंशी वर्षं एकमेकांना चिकटून. जिथे पाणी शिरलंय तिथे लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि बोल्ट लाकडात घट्ट रुतून बसतो. हातोडी मारली तर स्प्रूस रेषेत फाटतो. भेदक तेल सोडावं तर ते लाकूड पितं आणि मग त्यावर ना व्हार्निश धरत ना सरस. वस्तादांची युक्ती: मोठ्या सोल्डरिंग लोखंडाचं टोक बोल्टाच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं टेकवायचं. बोल्ट तापतो, फुगतो, निवला की आकसतो आणि गंजाची पकड सुटते. मग पितळी गज, लाकडी मोगरी, हलक्या हाताने. एका बोल्टाला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात आम्ही एक शब्द बोललो नाही.

उजव्या पंखाच्या पुढच्या स्पारमधले तीन बोल्ट बघवत नव्हते. मुलामा गेलेला, मधोमध खड्डे, एकाचा दांडा तर कमरेत बारीक झालेला. मला वाटलं, गेला स्पार. पण भोकाभोवती फक्त काळं कडं. लोखंडाचा गंज लाकडात उतरला की असं काळं होतं. वस्तादांनी दाताच्या डॉक्टरचा आकडा घेतला आणि कड्यावर आतून-बाहेरून टोचत गेले. टोक शिरेना. टिचकी मारली तर आवाज खणखणीत. लाकूड जिवंत. भोकं साफ करून आतून व्हार्निशचा हात द्यायचा, नवे बोल्ट घालायचे, स्पार राहिला.

मागच्या स्पारच्या मुळाशी उलटं. बोल्ट बाहेर आला तो असा की कालच पुडीतून काढलाय. मुलामा शाबूत, आटे कोरे, मायक्रोमीटरवर २४८. मी तो "ठेवायचा" या खळग्यात टाकलाही. टोचायचा आकडा भोकाच्या खालच्या कडेला टेकवला आणि तो वीस थाऊ नाही, दोन सूत आत गेला, जसा उकडलेल्या रताळ्यात जावा. भिंगाखाली धाग्यांचा पत्ता नाही, नुसता तपकिरी भुसा. बोल्टाला वॉशरखाली कोणीतरी कधीतरी सढळ हाताने ग्रीस लावलं होतं. ग्रीसने बोल्टाला वाचवलं, पाणी लाकडाच्या टोकाकडून वर चढत राहिलं.

मी विचारलं, तेवढाच भाग कापून सांधा मारता येईल का? स्पारला तिरका सांधा मारायची रीत आहे, पण पंख जोडणाऱ्या किंवा स्ट्रटच्या फिटिंगखाली सांधा येऊ द्यायचा नाही हा एफएएच्या (अमेरिकेच्या विमान नियामकाच्या) दुरुस्ती पुस्तिकेचा स्पष्ट दंडक. आमचा कुजका भाग नेमका फिटिंगखाली. म्हणजे अख्खा स्पार नवा. सिट्का स्प्रूस, सरळ रेषेचा, गाठ नसलेला. किंमत लिहीत नाही. ही वही बायकोही वाचते.

तो देखणा बोल्ट मी खिशात ठेवला.

९ मार्च, शनिवार

काल नव्या बोल्टांचं खोकं आलं, प्रत्येक पुडीबरोबर अनुरूपतेचा दाखला. आज शेपटीकडे लावून बघायला घेतले आणि माझाच गाढवपणा उघडा पडला.

शेपटीच्या एका नळीतून आरपार जाणारे चार बोल्ट आहेत. मी जुने मोजले, एएन ४-११ निघाले, तेच मागवले. नवा घातला, वॉशर टाकला, तर नट पुरता बसेना. जुना बसत होता तो वॉशर न टाकता, टोक नटाच्या पातळीत जेमतेम येईल असा. नळी आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मिळून जाडी साडेसहा सूत. ४-११ चा सलग दांडा साडेपाच सूत. म्हणजे एक सूत आटे पट्टीच्या पोटात, आणि पट्टी नेमकी तिथेच खाल्लेली. हवा होता ४-१२, ज्याचा दांडा बरोबर साडेसहा सूत भरतो. मूळ पार्ट्स कॅटलॉग टेबलावरच होता. मी तो उघडला नव्हता, कारण "जो निघाला तोच घालायचा" हे मला स्वयंसिद्ध वाटत होतं. कोणीतरी पन्नास-साठच्या दशकात हाताशी होता तो बोल्ट घातला आणि मी इमानदारीने त्याच्या चुकीची नक्कल मागवली.

संध्याकाळी बसून सगळी यादी कॅटलॉगशी ताडून पाहिली. आणखी सात ठिकाणी लांबी चुकीची. त्यांतल्या दोन ठिकाणी बोल्ट जास्तच लांब होता आणि खाली वॉशरची चळत. तीनपेक्षा जास्त वॉशर लावायचे नसतात. इथे पाच होते.

२३ मार्च, शनिवार

पिन गेज आले. दादाचा अंदाज खरा ठरला. चाकाच्या डाव्या पायाच्या पुढच्या बिजागरीचं भोक उभ्यात अडीच सुतीला बरोबर, आडव्यात सोळा थाऊ जास्त. वाटोळं राहिलंच नाही, अंडाकृती झालंय. नवा बोल्ट घातला तर पहिल्याच लँडिंगला तो त्या अंड्यात आपटणार आणि सहा महिन्यांत त्यालाही पायरी पडणार.

वाटा तीन होत्या. भोक तीन सुतीला रीम करून, म्हणजे कोरून मापात आणून, जाडा बोल्ट घालायचा, हे सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मनातलं. पण कानाच्या कडेपासून भोकाचा मध्य साडेचार सूत. अडीच सुती बोल्टाला ते अंतर १.८ पट पडतं, आधीच नेहमीच्या दुपटीच्या आत. तीन सुती केलं की दीडपट. बोल्ट जाडा होणार आणि त्याला धरणारा कान बारीक. कागदावर बोल्टाची ताकद वाढलेली दिसेल, जोडाची कमी होईल. शिवाय मंजूर डेटा नसताना हे करायला वस्तादांची सही मिळणार नाही, आणि मागायचीही नाही.

दुसरी वाट, अख्खं फिटिंग कापून नवं वेल्ड करणं. तिसरी, झिजलेला बुश (भोकातलं पोलादी नळकांडं) काढून ४१३० पोलादाचा नवा बुश वेल्ड करायचा आणि निवल्यावर मापात रीम करायचा. निवल्यावर, कारण वेल्डिंगच्या आचेने भोक आकसतं. तिसरी घेतली. ही मोठी दुरुस्ती, तेव्हा फॉर्म ३३७ भरणं आलं. बाहेरचा वेल्डर येऊन करून गेला. त्याआधी दोन्ही पायांची भोकं एका सरळ गजावर एका रेषेत धरायला आम्ही पुरा दिवस जिग बांधला. वेल्डिंगला चाळीस मिनिटं लागली.

उद्या होळी. इथे जाळायला आम्हाला एक कुजका स्पार आहे.

८ एप्रिल, सोमवार

दुपारी खग्रास सूर्यग्रहण बघायला लोक इरी शहराकडे गेले. आमच्याकडे खंडग्रास. हँगरच्या पत्र्यातल्या खिळ्यांच्या भोकांतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या. काम शून्य. उद्या पाडवा, उद्याही शून्य.

१३ एप्रिल, शनिवार

स्ट्रटचे फोर्क. पंख खालून ज्या तिरक्या दांड्यांनी तोललेला असतो त्या स्ट्रटच्या खालच्या टोकाला आट्यांचा एक फोर्क असतो. तो फिरवून पंखाचा कोन जुळवतात. आतून गंजणारे स्ट्रट आणि आट्यांपाशी चिरणारे फोर्क हे या पाइपरांचं जुनं दुखणं, इतकं की एफएएचा बंधनकारक आदेशच आहे, ९९-०१-०५, पुढे २०१५-०८-०४. स्ट्रट आम्ही नवे सीलबंद घेतले. प्रश्न फोर्कचा होता. मला ते ठेवायचे होते. आटे सुंदर होते, गंज औषधालाही नाही.

फेब्रुवारीत मी एकट्यानेच डाय पेनेट्रंट लावून बघितलं होतं आणि "स्वच्छ" असं वहीत लिहिलं होतं. वस्तादांनी त्या दिवशीचं तापमान विचारलं. उणे दोन. ते मिस्कील हसले. इतक्या थंडीत रंग घट्ट होतो, बारीक फटीत शिरतच नाही. चारेक अंशांच्या वर तरी हवं. म्हणजे मी चीर नाही हे सिद्ध केलं नव्हतं, थंडी आहे हे सिद्ध केलं होतं.

चारही फोर्क चुंबकीय तपासणीला बाहेर पाठवले. परवा परत आले. तीन निर्दोष. चौथ्यावर, शेवटच्या आट्याच्या मुळाशी, परिघाचा पाव भाग व्यापणारी एक रेघ. जांभळ्या दिव्याखाली ती हिरवी पेटते. बाहेर उजेडात आणून, जागा माहीत असताना, भिंगाखाली दहा मिनिटं शोधली. दिसली नाही.

जुन्या फोर्कचे आटे कापून काढलेले आहेत. आटे रोल केले की धातूचे थर मुळाशी दाबून वळतात, कापले की तुटतात, आणि थकव्याची चीर तुटलेल्या जागीच घर करते. चारही बदलले. निर्दोष तीन का टाकायचे हे मी विचारलं नाही, वस्तादांनी सांगितलंही नाही.

२७ एप्रिल, शनिवार

नटांचा दिवस. किचकट, पण बसून करायचं काम, रेडिओ लावून.

जिथे जोड फिरतो, म्हणजे कंट्रोलच्या बेलक्रँकपाशी, पुलीपाशी, बिजागरीत, तिथे किल्ल्याच्या तटासारखा कंगोऱ्यांचा कॅसल नट आणि कॉटर पिन. घट्ट बसणारा नायलॉनचा नट तिथे चालत नाही, कारण बोल्ट फिरला तर तोही सोबत फिरून निघतो. कॅसल नट जुने चालतात. पोलादाचा तुकडा आहे, आटे चांगले तर नट चांगला.

नायलॉनवाल्यांचं वेगळं. दंडक असा की नट बोल्टावर चढवून नुसता फिरवताना, काहीही आवळत नसताना, त्याने ठरावीक विरोध केला पाहिजे: दोन सुतीला किमान साडेतीन इंच-पाउंड (पिळाचं माप), अडीच सुतीला साडेसहा, तीन सुतीला साडेनऊ. चौसष्ट जुने नट छोट्या टॉर्क पान्यावर तपासले. एकोणीस पास. त्यातले चार मूळचे, नायलॉनच्या आधीचे, लाल फायबरच्या कड्याचे. वस्तादांना तेवढ्यापुरता आनंद झाला, मग त्यांनी सगळे चौसष्ट डब्यात ओतले. पस्तीस सेंटच्या नटासाठी त्यांना परत इथे वाकायचं नाही.

मी ते चार लाल कड्याचे काढून घेतले. त्या देखण्या बोल्टाला एक लावून ठेवला.

१८ मे, शनिवार

कापड चढवण्याआधीची जुळणी. पंख, स्ट्रट, पाय, शेपटी सगळं एकदा लावून, कोन जुळवून, परत उतरवायचं. यासाठी नवे बोल्ट वापरत नाहीत, कारण दहा वेळा आत-बाहेर होणार. मागे एका जत्रेत मी कॉफीच्या डब्यात भरून विकले जाणारे "सरप्लस एएन" बोल्ट घेतले होते, डोक्यावर फुली वगैरे सगळं. कागद नाही, म्हणून विमानाला नाही. त्यातले चौतीस काढले आणि त्यांची डोकी लाल रंगाने रंगवली. लाल दिसलं की तो उडायचा नाही.

लॉक हेवनहून १९४१ मध्ये निघालेली भोकं आणि या वर्षीचा स्पार पहिल्याच झटक्यात एका रेषेत आले. माझा विश्वास बसला नाही. वस्तादांचाही; त्यांनी बोल्ट काढून परत घातला.

८ जून, शनिवार

आज कापडाआधीची शेवटची तपासणी. धड आणि पंखांतले कायमचे बोल्ट बसले. प्रत्येकाचा टॉर्क वहीत: दोन सुतीला पन्नास ते सत्तर इंच-पाउंड, नायलॉन नट असेल तर त्याचा स्वतःचा विरोध वर धरून, लाकडातल्या बोल्टांना हात आवरून, वॉशर लाकडात रुतायला लागायच्या आत थांबून. आवळलेल्या प्रत्येक नटावर निळ्या लाखेचा ठिपका. कॉटर पिनचं एक टोक बोल्टाच्या माथ्यावर, दुसरं नटाच्या अंगाला खाली. वस्ताद आरसा आणि विजेरी घेऊन एकूण एक बघत गेले, जिभेने "टक्" असा आवाज करत. तीन ठिकाणी टक् झालं नाही. तिन्ही कॉटर पिना परत.

हिशेब: मूळ २१२ बोल्टांपैकी १९ जुने राहिले. सगळे बाहेरचे, सगळे दिसणारे.

मग वस्तादांनी लाल बोल्ट मागितले. डब्यात तेहतीस.

परत मोजले. तेहतीस. टेबलाखाली, व्हॅक्यूमच्या पिशवीत, माझ्या खिशांत, पात्रांच्या एकेका खळग्यात. खिशात तो देखणा बोल्ट आणि लाल कड्याचा नट निघाला, तो त्यांनी हातात घेऊन बघितला आणि परत दिला. मी म्हटलं, माझ्याकडून रंगवतानाच मोजण्यात चूक झाली असेल. त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि खुर्ची ओढून बसले.

दोन तास चाळीस मिनिटांनी सापडला. शेपटीच्या मुळाशी, खालच्या नळीच्या बेचक्यात, रडरची केबल जिथून जाते तिथे केबलला टेकून. वस्तादांनी तो चुंबकाने ओढून घेतला, डब्यात टाकला, आवाज ऐकला आणि मग टोपण काढलं.